ल्योंमध्ये चढ गाडीने, उतार पायाने

अनेक आशीर्वाद, वि. वि.

फ्रान्समधल्या ल्यों शहरासाठी दोन मोकळे दिवस आहेत आणि नकाशावर चोवीस ठिकाणी खुणा करून ठेवल्या आहेत, असं तू कळवलंस. खुणा राहू देत, क्रम मात्र बदलावा लागेल. नकाशा सपाट असतो, ल्यों तसं नाही. पश्चिमेला फुरव्हिएरची टेकडी, उत्तरेला क्रुआ-रूसची, आणि सोन व रोन या दोन नद्यांच्या मधे जमिनीची लांबट पट्टी, तिचं नाव प्रेस्किल. फोन दोन ठिकाणांमधलं अंतर मीटरमध्ये सांगतो, पायऱ्यांमध्ये सांगत नाही. सें-पोलकडून फुरव्हिएरला चढणाऱ्या निकोला-द-लांज या एकाच जिन्याला 560 पायऱ्या आहेत. तेव्हा एक नेम धर: चढ गाडीने, उतार पायी.

आधी तिकिटाचं. शहराच्या वाहतुकीला तेसेएल म्हणतात. साधं तिकीट पहिल्यांदा यंत्राला लावल्यापासून एक तास चालतं, त्या तासात मेट्रो, ट्राम, बस आणि टेकडीवर जाणारी दोरीची गाडी हवी तितकी बदलता येते. नवखे चुकतात ते इथेच: गाडी बदलली की तेच तिकीट पुन्हा यंत्राला लावायचं असतं. लावलं नाही तर तिकीट खिशात असूनही दंड होतो आणि तपासनीस हुज्जत ऐकत नाहीत. तिकीट-यंत्रासमोर 24 तासांच्या तिकिटाची किंमत साध्या तिकिटाच्या किमतीने भागून बघ, त्या दिवसाच्या फेऱ्या तेवढ्या होणार असतील तर तेच घे. विमानतळावरून येणारी रोनएक्स्प्रेस मात्र वेगळी. ती अर्ध्या तासात पार-दिय स्टेशनवर आणून सोडते, तिचं तिकीट वेगळं आणि महाग, आणि शहराचा पास तिच्यात चालत नाही. ती उभी राहते व्हिलेतच्या बाजूला. मेट्रो हवी असेल तर स्टेशनाच्या पोटातून पलीकडे व्हिव्हिए-मेर्लच्या दाराने बाहेर पड.

पहिला दिवस जुन्या शहराला, म्हणजे व्हिए ल्योंला दे. पार-दियहून बी मेट्रोने साक्स-गाम्बेता, तिथे बदलून गार द व्हेझकडे जाणारी डी, आणि थेट व्हिए ल्यों. डी मेट्रोला चालक नाही. पहिल्या डब्यात पुढच्या काचेशी जागा मिळाली तर सोडू नकोस, बोगदा चालकाच्या नजरेने दिसतो.

सकाळी नऊच्या सुमाराला पोच, कारण त्राबूल सकाळीच बघायचे. त्राबूल म्हणजे घरांच्या पोटातून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणारी वाट. आपल्याकडचा बोळ आणि वाड्याचा चौक एकत्र केलास की कल्पना येईल. इथले रस्ते सोनला समांतर गेले आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या गल्ल्या फार कमी, म्हणून लोकांनी घरांमधूनच वाटा काढल्या. रू सें-जाँवरच्या (रू म्हणजे रस्ता) 54 क्रमांकाच्या दाराने आत शिर. चौकामागून चौक ओलांडत रू द्यु ब्यफच्या 27 क्रमांकाला बाहेर पडशील. जुन्या ल्योंमधला हा सगळ्यांत लांब त्राबूल. तिथून त्याच रस्त्यावर 16 क्रमांकाला जा, आतल्या चौकात गुलाबी रंगाचा गोल जिन्याचा मनोरा आहे.

दार बंद दिसलं म्हणून परत फिरू नकोस. आकडे दाबायच्या पाटीजवळ बहुधा एक वेगळं बटण असतं, ते दाबून दार ढकल. उघडलं तर ठीक, नाही उघडलं तर पुढच्या दाराकडे वळ. आत माणसं राहतात, सकाळी कुणाच्या स्वयंपाकघराची खिडकी तुझ्या डोक्यावर असेल. आवाज लहान ठेव आणि जिने चढू नकोस. त्या घरांनी वाट दिली आहे, घर दिलेलं नाही.

हा सगळा भाग मोटाररस्त्यासाठी पाडायचा घाट 1960च्या आसपास घातला गेला होता. 1964 साली तो फ्रान्समधला पहिला संरक्षित विभाग ठरला आणि वाचला. युनेस्कोची मोहोर त्यानंतर फार उशिरा, 1998 साली लागली.

जेवण बारा ते दोनमध्येच उरक, अडीचला बहुतेक स्वयंपाकघरं बंद झालेली असतात. इथल्या पारंपरिक खाणावळींना बूशों म्हणतात. त्यांचा हात आतडी, कोथळा यांवर बसलेला, त्यामुळे शाकाहाऱ्याची पंचाईत होते. ‘ल्योंची कोशिंबीर’ मागवलीस तर त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आणि केनेल हा दिसायला निरुपद्रवी लांबट गोळा बहुधा माशाचा. उलट ‘सेर्व्हेल द कान्यू’, म्हणजे विणकराचा मेंदू, हे नाव ऐकून दचकू नकोस: ते ताज्या चीजमध्ये कांद्याची पात आणि हिरवा मसाला घालून फेटलेलं आहे, पावाबरोबर खातात.

जेवणानंतर फुरव्हिएर, आणि दुपारीच. वरचा कठडा पूर्वेला तोंड करून आहे, म्हणून सकाळी सूर्य डोळ्यांत येतो आणि शहर धुरकट दिसतं. दुपारनंतर सूर्य पाठीशी जातो, छपरं उजळतात, हवा स्वच्छ असेल तर आल्प्सही दिसतात. व्हिए ल्योंच्या मेट्रो स्टेशनातूनच दोरीची गाडी सुटते. गावकरी तिला ‘फिसेल’ म्हणतात, म्हणजे सुतळी. एकाच ठिकाणाहून दोन मार्ग निघतात, तेव्हा पाटी वाचून फुरव्हिएरचीच गाडी धर. वरच्या बॅसिलिकाचं, म्हणजे मोठ्या चर्चचं, बांधकाम 1872 साली सुरू झालं. बाहेरून ती मला बोजडच वाटते, पण आतल्या मोझेइकसाठी पंधरा मिनिटं दे.

तिथून रोमन नाट्यगृह चालत काही मिनिटांवर, तेही उतरत. ल्योंची स्थापना इ. स. पू. 43मध्ये मुनाशियस प्लँकसने केली, तेव्हाचं नाव लुग्दुनुम. त्याच नावाचं संग्रहालय नाट्यगृहाला लागून टेकडीच्या पोटात बांधलं आहे. वरून आत शिरायचं आणि उतरणीवरून खाली जात बघायचं, म्हणजे आपला नेम तिथेही लागू. सम्राट क्लॉडियसचं इ. स. 48मधलं भाषण कोरलेला काशाचा पत्रा चुकवू नकोस. नाट्यगृहात जायला पैसे लागत नाहीत, मात्र जून-जुलैत महोत्सवाचं रंगमंच-सामान पडलेलं असतं. खाली येताना मिनिमच्या चौकातून गुर्गियों या जुन्या घाटीने उतर. दगड गुळगुळीत आहेत, पावसात पाय सरकतात, खाचांचे तळवे असलेले बूट घाल.

दुसरा दिवस क्रुआ-रूसचा. ए मेट्रोने ओतेल द व्हीलला जा. ते लॉज नव्हे, नगरपालिकेची इमारत आहे! तिथून सी मेट्रो. ही दातेरी रुळावर चढते, आणि क्रुआ-पाके स्टेशनचा फलाटच 17 टक्क्यांच्या चढावर तिरका आहे. क्रुआ-रूसला न उतरता पुढे एनोंपर्यंत जा. जवळच 1200 चौरस मीटरचं भिंतीचित्र आहे. चित्रातला जिना खरा वाटून पाय उचलला जातो. मग परत चालत क्रुआ-रूसच्या बुलव्हारवरच्या, म्हणजे रुंद रस्त्यावरच्या, बाजारातून ये. बाजार सोमवारी नसतो.

इथल्या घरांचे मजले आपल्या दीड मजल्याएवढे उंच दिसतील, कारण झाकारचा (जॅकार्ड) माग जवळपास चार मीटर उंच असे आणि कान्यू, म्हणजे रेशीम विणणारे, त्याच खोलीत राहत. 1831 आणि 1834 साली त्यांनी बंड केलं. ते डोक्यात ठेवून उताराला लाग. प्लास कोल्बेरच्या 9 क्रमांकातून ‘कूर दे व्होरास’मध्ये शिर. सहा मजली उघडा दगडी जिना समोर येतो. खालच्या बाजूने रू इंबेर-कोलोमेसच्या 29 क्रमांकाला बाहेर पड, रस्ता ओलांड, 20 क्रमांकातून पुन्हा आत, की रू दे ताब्ल-क्लोदियेन. पुढे तेरो चौकापर्यंत उतारच उतार.

संध्याकाळ उरली तर पेराश स्टेशनहून टी1 ट्रामने कॉन्फ्लुआंस संग्रहालयापाशी उतरून टोकापर्यंत चाल, दोन्ही नद्या तिथे एक होतात. नाहीतर डी मेट्रोने मोंप्लेझीर-ल्युमिएर गाठ. कामगार कारखान्यातून बाहेर पडतात ते चित्रीकरण 1895 साली ल्युमिएर बंधूंनी तिथेच केलं. त्यांच्या चलच्चित्रांचा खेळ 7 जुलै 1896ला मुंबईत वॉटसन हॉटेलात झाला, आणि सावेदादा भाटवडेकरांनी 1899मध्ये कुस्ती चित्रित केली.

तुझे दोन दिवस कोणत्या वारी येतात ते मात्र लगेच कळव. सोमवारी लुग्दुनुम आणि ल्युमिएर ही दोन्ही संग्रहालयं बंद, मंगळवारी तेरो चौकातलं ललितकला संग्रहालय बंद. वाराप्रमाणे दिवसांची अदलाबदल करावी लागेल.