‘शेवटची कधी घेतली होती?’

प्रिय बेटा,

मानसोपचारात एमडी करून पुढे व्यसनाचंच काम करायचं ठरवलंस, वाचून फार बरं वाटलं. घरचे ‘दारुड्यांची डॉक्टर होणार का?’ म्हणतात, तर म्हणू देत. मला काळजी वाटली ती तुझ्या पुढच्या ओळीची. काही वर्षं ओपीडी करीन, मग धोरणाच्या कामात जाईन, असं लिहिलंस. निदान आपल्या भागात तरी ही दोन कामं अशी तोडता येत नाहीत. वर्ध्यात दारूबंदी सत्तरच्या दशकापासून आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्या कायद्याची भीती पेशंटच्या सोबतच तुझ्यासमोर येऊन बसते.

मी नवा होतो तेव्हाची गोष्ट. बंदीचा जिल्हा, मांडीचं हाड मोडलेला एक शेतमजूर. मी विचारलं, ‘दारू पिता का?’ तो म्हणाला, ‘नाही जी.’ बायको खाली मान घालून उभी होती. मी केसपेपरवर लिहिलं, ‘व्यसन : नाही’. तिसऱ्या रात्री त्याला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, पांघरुणावरचे नसलेले किडे तो वेचू लागला. शेजारच्या खाटेवरचे म्हणाले, बाहेरचं काही लागलं. आम्ही त्याचे हातपाय बांधले. सकाळी वरिष्ठ आले. त्यांनी बायकोला बाजूला नेऊन एवढंच विचारलं, ‘शेवटची कधी घेतली होती?’ रोजची मोहाची दारू होती; ती अचानक तुटली म्हणून हे सगळं. केस होईल म्हणून ती बोलली नव्हती. आणि अशा पेशंटला आधी द्यायचं थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, न देता मी रात्रभर ग्लुकोज चालू ठेवलं होतं! तो वाचला. बांधलेल्या मनगटांवरचे वळ मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

म्हणून आधी विचारायला शीक. ‘पिता का?’ नको, ‘दिवसाला किती लागते?’ असं विचार. हा कागद पोलिसांकडे जात नाही, हे त्याआधी सांग. पव्व्यात सांगितलं तर पव्व्यात लिही, ग्लासात सांगितलं तर ग्लासात. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, वेगळा विचारायचा. खिशात त्याची पन्नी असते आणि माणूस मनापासून सांगतो, मला कसलंच व्यसन नाही.

तुझं धोरणाचं काम याच कागदांतून उभं राहील. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसलेतरी उपचार मिळतात, हे २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून कळलं, कारण कुणीतरी घरोघरी जाऊन नीट विचारलं होतं. तुझ्या तालुक्याचा आकडा तुझ्याच रजिस्टरमध्ये असेल.

बंदी हवी की नको, यावर दोन्ही बाजू तुला ओढतील. बंदीसाठी लढलेल्या बायांना कमी लेखू नकोस. घरात मजुरीचे किती पैसे पोचतात, याचा हिशेब त्यांच्याइतका कुणालाच ठाऊक नाही. दारूबंदीच्या मतदानात बंदीच्या बाजूची ‘आडवी बाटली’ त्या उगाच निवडत नाहीत. पण दारू बंद केली आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात दारू तुटल्यावरचा त्रास आवरणारं लोराझेपाम नाही, थायमिन नाही, तर रोज पिणारा माणूस तिसऱ्या दिवशी कुठे जाईल? बैठकीत हे तुलाच बोलावं लागेल. तिथे बसलेल्यांपैकी बहुतेकांनी तो तिसरा दिवस पाहिलेला नसतो.

गांजाची पोरं येतील तेव्हा १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा वाचलेला असू दे. थोड्या मालासह पकडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर कलम ६४अ त्याला खटल्यापासून वाचवू शकतं. बापाला हे माहीत नसतं. तो वकिलाच्या फीसाठी वावर विकायला निघालेला असतो.

यंदा पोळ्याला ये. करीच्या दिवसापर्यंत गावात भरपूर पिणं होतं, मग पैसे संपतात आणि दोन-तीन दिवसांत वॉर्ड भरू लागतो. रात्रपाळीला माझ्यासोबत थांब. येताना जाड स्वेटर आण, पावसाळ्यात वॉर्डात गार वारा शिरतो.

तुझा,
सर