हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा मैदानावर : वाचकांचे प्रश्न

जांघेतील हर्नियाची, म्हणजे जुन्या पिढीच्या बोलण्यातील अंतर्गळाची, शस्त्रक्रिया झालेल्या किंवा होऊ घातलेल्या फुटबॉलपटूंची पत्रे या सदराकडे सतत येत असतात. पत्रे पिंपरीची, खडकीची, कॅम्पातली, काही कोल्हापूरचीही असतात. गोंधळ मात्र तोच असतो. टाके भरले म्हणजे खेळाडू तयार झाला, असे कोणीतरी छातीठोकपणे सांगितलेले असते आणि सांगणारा बहुधा डॉक्टर नसतो. म्हणून या वेळी निवडक प्रश्नांना एकत्र उत्तरे देत आहे. ही उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. आपल्या पोटात नेमके काय सापडले आणि काय केले गेले, हे आपल्या सर्जनलाच ठाऊक असल्याने अखेरचा शब्द त्यांचाच मानावा.

प्रश्न : माझ्या मुलाची दुर्बिणीतून हर्नियाची शस्त्रक्रिया झाली आहे. नातेवाईक म्हणतात, दीड महिना अंथरुणावरून हलू द्यायचे नाही आणि पट्टा सोडायचा नाही. हे खरे आहे का? (एक माता, सिंहगड रस्ता)

नाही. त्याने त्याच संध्याकाळी उठून चालायला हवे आणि दुसऱ्या दिवसापासून जिनाही चढायला हरकत नाही. पट्ट्याने बरे वाटत असेल तर काही दिवस वापरावा, पण त्यामुळे जखम लवकर भरत नाही. डिंकाचे लाडू अवश्य द्या. मात्र बद्धकोष्ठ होणार नाही याकडे अधिक लक्ष असू द्या, कारण शौचाच्या वेळी कुंथणे त्याला जिन्यापेक्षा जास्त त्रास देईल.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी त्याच जागी पुन्हा फुगवटा आला आहे. हर्निया परत झाला का? (वय २३, खडकी)

बहुधा नाही. हर्नियाच्या रिकाम्या झालेल्या जागेत पाण्यासारखा द्रव साठतो आणि काही आठवड्यांत तो आपोआप शोषला जातो. तो सुईने काढून घेण्याचा आग्रह धरू नये, कारण सुईबरोबर जंतू आत जाण्याची भीती असते. ताप, वाढती लाली, स्राव किंवा वाढत जाणारी वेदना असेल तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावे.

प्रश्न : मी तालमीच्या संघातून खेळतो. सहा महिने जांघेत दुखते, पण गाठ दिसत नाही. एका सोनोग्राफीत हर्निया आहे असे लिहिले, दुसरीत नाही असे लिहिले. ओळखीचे म्हणतात की हा ‘स्पोर्ट्‌स हर्निया’ आहे, ऑपरेशन केले की संपले. (वय २६, कोल्हापूर)

‘स्पोर्ट्‌स हर्निया’ या नावाने फार घोटाळा केला आहे. खऱ्या हर्नियात पोटाच्या भिंतीला भोक पडलेले असते आणि त्यातून आतड्याचा किंवा चरबीचा भाग बाहेर डोकावतो. आपण म्हणता त्या दुखण्यात बहुतेक वेळा असे भोक नसते. पोटाच्या भिंतीतून तिरप्या जाणाऱ्या जांघेतील नळीची मागची भिंत ताणली गेलेली असते, किंवा मांडीच्या आतल्या बाजूचा ॲडक्टर स्नायू जघनास्थीला, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाला, जिथे चिकटतो तिथे दुखावलेला असतो, आणि पुष्कळदा दोन्ही एकत्र असतात. २०१४ साली दोहा येथे जमलेल्या तज्ज्ञांनी खेळाडूंच्या जांघदुखीची ॲडक्टरशी, मांडी उचलणाऱ्या स्नायूशी, जांघेच्या नळीशी आणि जघनास्थीशी संबंधित अशी वर्गवारी केली. खुब्याच्या सांध्याचे दुखणे त्यांनी वेगळे ठेवले आणि ‘स्पोर्ट्‌स हर्निया’ हा शब्द वापरू नये असे सुचवले. मला ते पटते, कारण नाव चुकले की उपचारही चुकतो.

ॲडक्टरच्या दुखण्यावर पहिला उपचार व्यायामाचा आहे. डेन्मार्कमधील १९९९ सालच्या अभ्यासात दीर्घकाळ जांघदुखी असलेल्या खेळाडूंपैकी सक्रिय व्यायाम केलेल्या २९ जणांतील २३ जण वेदनेविना पूर्वीच्या पातळीवर खेळू लागले. नुसता शेक, मसाज आणि यंत्रांचा उपचार घेतलेल्या ३० जणांत ही संख्या चार होती. याउलट, दुखणे जांघेच्या नळीच्या भिंतीचे असेल आणि महिनोन्‌महिने हटत नसेल तर शस्त्रक्रियेला अर्थ आहे. फिनलंडमधील २०११ सालच्या अभ्यासात दुर्बिणीतून जाळी (भिंतीला आधार देणारा कृत्रिम धाग्यांचा तुकडा) बसवलेल्या ३० खेळाडूंपैकी २७ जण तीन महिन्यांत खेळाकडे परतले, तर शस्त्रक्रिया न केलेल्या ३० पैकी आठच परतू शकले. म्हणजे दोन्ही मार्ग बरोबर आहेत, प्रश्न आपण कोणत्या गटात आहात एवढाच आहे. तो सोनोग्राफीच्या कागदावरून सुटत नाही. खोकायला लावून बोटाने तपासणारा सर्जन आणि खुबा तपासणारा क्रीडावैद्यक तज्ज्ञ, अशा दोघांना दाखवा. गरज पडल्यास ते एमआरआय सांगतील.

प्रश्न : ‘लेझरने हर्निया, कापाकापी नाही, २१ दिवसांत मैदानावर, खात्रीशीर पॅकेज’ अशी जाहिरात पाहिली. घ्यावे का? (वय २९, वाकड)

घेऊ नये. हर्निया हे भोक आहे आणि लेझरने भोक बुजत नाही. असे ‘लेझर’ बहुतेक ठिकाणी नेहमीच्याच दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला चिकटवलेले आकर्षक नाव असते. जाहिरात देणाऱ्याला विचारा की जाळी कोणती, तिचा आकार किती, भूल कोण देणार, आणि त्या सर्जनने स्वतः अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत. खेळाडूला तपासण्याआधीच दिवसांची खात्री देणाऱ्याने तपासणीची गरजच नाकारलेली असते आणि याचा मला मनापासून राग येतो, कारण त्या २१ दिवसांची किंमत पुढे खेळाडू मोजतो.

प्रश्न : मी व्यावसायिक फुटबॉल खेळतो. उजव्या बाजूच्या हर्नियाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होऊन तीन आठवडे झाले. दुखत नाही. पाच दिवसांनी बाहेरच्या राज्यातील क्लबची निवड चाचणी आहे. एका मित्राने सोळाव्या दिवशी सामना खेळला होता. मी जाऊ का? (वय २२, पिंपरी)

आपण लिहिलेल्या माहितीवरून मी जाऊ नका असेच म्हणेन, आणि त्याची कारणे सविस्तर सांगतो, कारण या एका प्रश्नावर माझी सर्वाधिक खेळाडूंशी वादावादी झाली आहे.

दुर्बिणीच्या, एका बाजूच्या, गुंतागुंत नसलेल्या शस्त्रक्रियेनंतर व्यावसायिक खेळाडू साधारण चार ते सहा आठवड्यांत संघाच्या पूर्ण सरावात परततात; चीर देऊन केलेल्या शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे लागतात. हे अंदाज आहेत. दैनंदिन हालचालींविषयी २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना अगदी मोकळ्या आहेत : त्रास होत नसेल तर रुग्णाने लवकरात लवकर नेहमीची कामे सुरू करावीत. मात्र नेहमीची कामे आणि पूर्ण ताकदीने मारलेला क्रॉस यांत फार अंतर आहे. चेंडू मारताना पाय मागे आणि बाहेर जातो, धड उलट दिशेला वळते, आणि पुढच्या क्षणी पोटाचा सरळ स्नायू वरून व ॲडक्टर खालून एकाच जघनास्थीला ओढतात. जाळी या वेळी बहुधा जागेवरच राहते. तोकडे पडतात ते स्नायू, कारण ते शस्त्रक्रियेआधीच्या काही महिन्यांत वेदनेमुळे आणि नंतरच्या विश्रांतीमुळे दुबळे झालेले असतात.

‘दुखत नाही’ या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही. खेळाडूला तपासणीच्या टेबलावर पाठीवर झोपवतो, गुडघे वाकवायला सांगतो, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये माझी मूठ ठेवतो आणि दाबायला सांगतो. काही खेळाडू तोंडाने ‘काही नाही, डॉक्टर’ म्हणतात आणि त्याच वेळी त्यांची भुवई आक्रसते, हाताची बोटे टेबलाची कड पकडतात. मग त्यांना खरे उत्तर द्यावेच लागते. काही वर्षांपूर्वी एक डावखुरा मध्यरक्षक असाच चाचणीच्या आमिषाने एकोणिसाव्या दिवशी कृत्रिम गवताच्या लहान मैदानावर मित्रांबरोबर खेळला. पहिली वीस मिनिटे त्याला काहीच जाणवले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मोजा घालण्यासाठी पाय उचलता येईना. जाळी शाबूत होती, ॲडक्टर फाटला होता. ती चाचणी गेली, त्यानंतरचे तीन महिनेही गेले आणि क्लबने दुसरा खेळाडू घेतला. तो माझ्यासमोर बसून रडला, ते मी विसरलेलो नाही.

आपल्या मित्राचा सोळावा दिवस मला कोणीही सांगू नये. त्याचा हर्निया किती मोठा होता, तो सामन्यात किती मिनिटे आणि कसा खेळला, पुढे त्याचे काय झाले, यांतले आपल्याला काहीच माहीत नसते.

मी दिवस मोजण्याऐवजी पायऱ्या पाहतो. खोकला, शिंक आणि जिना वेदनारहित झाला की सरळ रेषेत हलके धावणे सुरू करावे. ते जमले की वेग, मग अचानक वळणे आणि थांबणे. चेंडू शेवटी येतो : आधी जवळचे पास, नंतर लांब पास, त्यानंतर गोलवर जोरदार फटका आणि अगदी अखेरीस घसरत जाऊन चेंडू काढणे. प्रत्येक पायरीनंतर त्या वेळी काय वाटले यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना काय वाटते हे पाहावे. दुखले तर एक पायरी खाली यावे. दोन्ही बाजूंच्या ॲडक्टरची ताकद फिजिओथेरपिस्टकडून मोजून घ्यावी. जोडीदाराने पाय धरून ठेवायचा आणि आडव्या अंगाने वर उचलायचे, असा ‘कोपनहेगन’ व्यायाम या काळात हळूहळू वाढवावा. नॉर्वेतील अर्धव्यावसायिक पुरुष खेळाडूंमध्ये या एका व्यायामाने जांघेच्या तक्रारी ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झाले आहे. संघाच्या पूर्ण सरावात किमान आठवडाभर वेदनेविना टिकल्याशिवाय सामना किंवा चाचणी नको.

आपण क्लबला शस्त्रक्रियेची तारीख लपवू नका. सर्जनचे पत्र जोडून चाचणी पुढे ढकलण्याची विनंती करा. जो क्लब तीन आठवडे थांबत नाही, तो जखमी खेळाडूला किती सांभाळील याचाही विचार करा. आणि पाच दिवसांत आपल्या सर्जनला प्रत्यक्ष भेटा. त्यांनी तपासून परवानगी दिली तर माझे उत्तर बाजूला ठेवा.

प्रश्न : जोरात किक मारल्यावर जाळी फाटते का? जाळीशिवाय शस्त्रक्रिया करून घेणे खेळाडूला चांगले का? (वय २४, कॅम्प)

किकने जाळी फाटत नाही. पॉलिप्रोपिलीनची जाळी पोटातील दाबापेक्षा कितीतरी जास्त ताण सहन करते. हर्निया परत होतो तो बहुधा जाळी अपुऱ्या आकाराची असल्याने किंवा कडेने सरकल्याने. म्हणून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत किमान १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी सांगितलेली आहे. जाळीशिवायच्या पद्धतीही आहेत, आणि त्यांतील एक आपल्या पुण्याचीच आहे. डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत रुग्णाच्याच पोटावरील बाह्य तिरप्या स्नायूच्या पांढऱ्या पडद्याची पट्टी वापरून मागची भिंत मजबूत करतात. पोलंडमधील २०१२ सालच्या तुलनेत तीन वर्षांपर्यंत ही पद्धत आणि जाळीची पद्धत यांत हर्निया परत होण्याचे प्रमाण सारखेच आढळले. यावरून ‘जाळी वाईट’ असा निष्कर्ष मात्र काढू नये. जांघेत रेंगाळणारी वेदना कोणत्याही पद्धतीनंतर राहू शकते. सर्जनचा हात ज्या पद्धतीवर बसलेला आहे, ती पद्धत त्याच्याकडून करून घेणे हिताचे, आणि हे समोरासमोर बसून ठरवावे.

प्रश्न : शस्त्रक्रियेनंतर दिलेल्या वेदनाशामक गोळ्या उरल्या आहेत. सामन्याआधी एखादी घेतली तर चालेल का? जांघेत स्टेरॉइडचे इंजेक्शन घेण्याचाही सल्ला मिळाला आहे. (वय २७, बालेवाडी)

चिठ्ठीवर ट्रामाडॉल लिहिले असेल तर अजिबात नाही. जागतिक उत्तेजक-प्रतिबंधक संस्थेने, म्हणजे वाडाने, १ जानेवारी २०२४ पासून ट्रामाडॉल स्पर्धाकाळात निषिद्ध केले आहे. ग्लुकोकॉर्टिकॉइड स्टेरॉइडची इंजेक्शने, ती सांध्यात घेतली तरी, १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. स्पर्धाकाळ सामन्याच्या आदल्या रात्री ११.५९ वाजता सुरू होतो, पण औषध शरीरात त्याहून जास्त काळ राहू शकते. वैद्यकीय गरज खरी असेल तर ते औषध वापरण्याच्या सवलतीचा अर्ज डॉक्टरांमार्फत करावा लागतो. पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅक निषिद्ध नाहीत, परंतु वेदना दाबून सामना खेळणे मला कोणत्याही औषधाने मान्य नाही, कारण स्नायूने दिलेली सूचना त्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. संघाच्या डॉक्टरांना गोळीचे पाकीट दाखवा.

प्रश्न : मुलींना हर्निया होतो का? माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, विद्यापीठाच्या संघात जायचे तिचे स्वप्न आहे. (एक पिता, औंध)

होतो, मुलांच्या मानाने कमी. स्त्रियांमध्ये मांडीच्या वरच्या टोकाशी होणारा फेमोरल हर्निया तुलनेने जास्त आढळतो आणि तो अडकण्याची शक्यताही अधिक असते, म्हणून गाठ जाणवल्यास वाट न पाहता सर्जनला दाखवा.

प्रश्न : मी गोलरक्षक आहे. उडी मारली की डाव्या जांघेत गाठ येते, आडवे झाल्यावर आत जाते. अलीकडे आत जायला वेळ लागतो आणि दुखते. हंगाम संपायला तीन महिने आहेत. (वय ३१, चिंचवड)

तीन महिने थांबू नका. ज्या पुरुषांना हर्नियाचा त्रास जवळजवळ नाही त्यांनी देखरेखीखाली थांबणे सुरक्षित असल्याचे २००६ सालच्या अमेरिकी अभ्यासात दिसले होते, पण आपली गाठ दुखू लागली आहे आणि आत जायला अडते आहे, त्यामुळे तो दिलासा आपल्याला लागू होत नाही. या आठवड्यातच सर्जनची वेळ घ्या, आणि तोवर उड्या व वजन उचलणे बंद ठेवा. त्याआधीच गाठ कडक होऊन आत गेली नाही, उलटी झाली किंवा पोट फुगले, तर ती स्वतः दाबून आत ढकलू नका, काही खाऊ-पिऊ नका आणि रात्री शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा रुग्णालयात तत्काळ जा.