अमोनिया थेट का बसवत नाहीत?

प्रश्न : सर, अ‍ॅनिलिन (बेंझिनच्या कड्यावर अमोनियाचा नायट्रोजन बसलेला रेणू) करायला पुस्तकात आधी बेंझिनचं नायट्रेशन (आम्लांच्या मिश्रणानं नायट्रो गट बसवणं) आणि मग नायट्रोबेंझिनचं क्षपण (रिडक्शन), असा वळसा दिलाय. क्लोरोबेंझिनवर थेट अमोनिया का वापरत नाहीत?
– बी.एस्सी. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : बाळ, हाच प्रश्न मला राजारामपुरीत खोली घेऊन शिकत होतो तेव्हा पडला होता. कथील आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन आम्ही नायट्रोबेंझिनचं क्षपण करायचो. कडू बदामाचा तो वास घरी येईपर्यंत शर्टाला असायचा.

थेट मार्गही वापरला गेलाय. तांब्याचे क्षार, सुमारे २०० अंश तापमान आणि जबर दाब. इतका खटाटोप अशासाठी, की क्लोरीन आपली इलेक्ट्रॉनजोडी बेंझिनच्या कड्याकडे थोडी सरकवतो आणि कार्बन-क्लोरीन बंध घट्ट होतो.

हा बंध सौम्य परिस्थितीत सोडवतं पॅलेडियम हा धातू. ते कार्बन आणि हॅलोजनच्या (क्लोरीन, ब्रोमीन वगैरेंच्या) मध्ये शिरतं, हॅलोजनच्या जागी अमाइन (अमोनियासारखा नायट्रोजनवाला रेणू) येतं, मग कार्बन-नायट्रोजन जुळतात आणि धातू मोकळा होतो. बुकवाल्ड आणि हार्टविग या रसायनशास्त्रज्ञांनी १९९५च्या सुमारास हे स्वतंत्रपणे दाखवलं. पण सगळ्यांत साधा अमोनियाच अडून बसला! तो धातूला इतका चिकटतो की धातूला धरून ठेवणाऱ्या रेणूला, म्हणजे लिगंडलाच बाजूला सारतो. शिवाय तयार झालेलं अ‍ॅनिलिन या अभिक्रियेत अमोनियापेक्षा चपळ. तेच पुढच्या कड्याला जाऊन जुळतं आणि हाती एका नायट्रोजनला दोन कडी जोडलेलं डायफिनाइलअमाइन येतं.

२००६ साली हार्टविग यांच्या गटानं यावर उपाय दाखवला. दोन फॉस्फरसांनी धातूला दोन्हीकडून पकडणारा, अंगानं भरदार लिगंड. अमोनियाला तो हलवता येत नाही आणि त्या दाटीत लहानग्या अमोनियाला जागा मिळते, अ‍ॅनिलिनला अवघड जातं. अमोनियाही भरपूर जादा ठेवायचा. मला यात धातूपेक्षा लिगंडचं कौतुक जास्त वाटतं. अभिक्रियेची यंत्रणा (मेकॅनिझम) काढताना मुलं नुसतं पॅलेडियम लिहून मोकळी होतात. तू लिगंड नक्की काढ.

साधं अ‍ॅनिलिन टनांनी करायचं तर तुझ्या पुस्तकातला वळसाच आजही परवडतो, कारण पॅलेडियम महाग. पॅलेडियमचा थेट मार्ग कामाला येतो तो औषधांच्या नाजूक रेणूंत, जिथं नायट्रिक-सल्फ्युरिक आम्लांचं मिश्रण बाकीचा रेणूच बिघडवून टाकेल.