दोन अर्धवेळ नोकऱ्या, दोन्हीकडे टीडीएस शून्य: तरी कर लागतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकीकडे महिना 75 हजार, दुसरीकडे 50 हजार, दोन्हीकडे टीडीएस (पगारातून आधीच कापला जाणारा कर) शून्य, मग कर नाहीच ना? आहे, आणि चांगला दणदणीत आहे. खालचे आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे, नव्या करप्रणालीचे.

प्रत्येक कंपनी फक्त आपण दिलेल्या पगाराचा हिशोब करते. पहिलीच्या लेखी तुमचं उत्पन्न 9 लाख, दुसरीच्या लेखी 6 लाख. दोघीही 75 हजारांची प्रमाणित वजावट देतात आणि उरलेली रक्कम 12 लाखांच्या आत दिसते म्हणून कलम 87ए ची, कर शून्यावर आणणारी सूट देऊन मोकळ्या होतात. आयकर खात्याकडे पॅन मात्र एकच. तिथे 15 लाखांतून 75 हजार एकदाच जातात, उरले 14,25,000. पहिले 4 लाख करमुक्त, 4 ते 8 लाखांवर 5 टक्क्यांनी 20,000, 8 ते 12 वर 10 टक्क्यांनी 40,000, वरच्या सव्वादोन लाखांवर 15 टक्क्यांनी 33,750. बेरीज 93,750 आणि 4 टक्के सेस 3,750, म्हणजे 97,500. दोन्ही पगार मिळून 12,75,000 च्या आत असते तर कर खरोखरच शून्य झाला असता.

यावर सरळ उपाय फॉर्म 12बी. दुसऱ्या नोकरीचा पगार, पीएफ आणि कापलेला टीडीएस त्यात भरून कोणत्याही एकाच कंपनीला द्यायचा. ती एकत्रित उत्पन्नावर कर कापते. शक्यतो मोठ्या पगाराच्या ठिकाणी द्या. एप्रिलमध्ये दिला तर महिन्याला 8,125 कापले जातील. डिसेंबरपर्यंत रेंगाळलात तर उरलेल्या चार पगारांतून 24,375 प्रत्येकी, आणि 75 हजारांतून तेवढे जाणं झोंबतं.

दुसऱ्या नोकरीबद्दल सांगायचं नसेल तर आगाऊ कर स्वतः भरा. टीडीएस वजा जाता वर्षाचा कर 10 हजार किंवा जास्त असेल तर तो बंधनकारकच आहे: 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75, 15 मार्चपर्यंत 100. काहीच न भरता सगळे 97,500 जुलै 2026 मध्ये रिटर्नच्या वेळी भरले, तर आगाऊ कर न भरल्याबद्दल कलम 234बी आणि 234सी मिळून साधारण 8,800 रुपये व्याज वर बसतं. पोर्टलवर ई-पे टॅक्समध्ये भरताना मूल्यांकन वर्ष 2026-27 निवडा. 2025-26 निवडणारे दरवर्षी भेटतात. पैसे सरकारजमा होतात, पण त्या रिटर्नमध्ये दिसत नाहीत आणि चलान दुरुस्तीच्या मागे लागावं लागतं.

रिटर्न भरताना दोन्हीकडचा ढोबळ पगार घ्या, वजावट काढलेला नव्हे. फॉर्म 16 (कंपनीने दिलेलं पगार आणि टीडीएसचं प्रमाणपत्र) मधले निव्वळ आकडे बेरजेला घेतले की 75 हजार दोनदा वजा होतात, आणि मग नोटीस येते. कर कापलाच नसेल तर कंपनी फॉर्म 16 देईलच असं नाही, म्हणून बाराही महिन्यांच्या पगारस्लिपा जपून ठेवा आणि एआयएसशी (आयकर पोर्टलवरचं तुमच्या उत्पन्नाचं वार्षिक विवरण) ताडून पाहा. जुनी प्रणाली घेणार असाल तर 80सी ची दीड लाखाची गुंतवणूक दोन्हीकडे दाखवू नका. व्यवसाय करही दोन्हीकडे कापला जात असेल तर एचआरला सांगा, एका माणसाला वर्षाला 2,500 च्या वर तो लावता येत नाही.

एक शंका मनात येईल: दुसरं काम नोकरी आहे की कन्सल्टन्सी? तुमच्या बाबतीत नोकरीच दिसते, कारण व्यावसायिक शुल्क असतं तर वर्षाला 50 हजारांच्या वर कलम 194जे खाली साधारण 10 टक्के टीडीएस म्हणून कापले गेले असते. तरी नेमणूकपत्र एकदा वाचा. तिथे शुल्क असा शब्द असेल तर त्या रकमेवर प्रमाणित वजावट नाही, आयटीआर-1 हा साधा रिटर्न फॉर्म चालत नाही आणि फॉर्म 12बी तून ती पगार म्हणून दाखवता येत नाही.