सहा बाटल्या, पण उघडलेल्या

फोंडा, गोवा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

मडगावच्या नव्या घरात हॉलमध्ये काचेचं कपाट करून त्यात व्हिस्कीचा संग्रह मांडायचा, आणि सुरुवात घशाला न लागणाऱ्या बर्बनने, म्हणजे मक्याच्या अमेरिकन व्हिस्कीने करायची, असं तू कळवलंस. सुतार पुढच्या आठवड्यात येणार म्हणतोस, म्हणून आधी कपाटाचं लिहितो. बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल.

खिडकीसमोरच्या भिंतीवर कपाट करू नकोस. थेट ऊन व्हिस्कीचा रंग उतरवतं आणि वासही. पावसाची झड ज्या बाहेरच्या भिंतीवर बसते तीही टाळ, नाहीतर जुलैत लेबलांवर बुरशी चढलेली दिसेल. घराच्या मधल्या खोलीत, गॅसपासून लांब, लाकडी दारांचं साधं कपाट कर आणि त्याची पाठ भिंतीपासून चार बोटं सुटी ठेव. बाटलीबरोबर येणारे पुठ्ठ्याचे खोके कितीही देखणे असले तरी कपाटात ठेवू नकोस, ते ओल धरतात आणि कसर लावून घेतात. बाटल्या उभ्याच ठेवायच्या. वाइनची बाटली आडवी ठेवतात ते बूच ओलं राहावं म्हणून, पण व्हिस्कीतलं चाळीस टक्क्यांच्या वरचं अल्कोहोल सतत बुचाला लागून राहिलं तर ते बूचच खाऊन टाकतं. महिन्या-दोन महिन्यांनी बाटली एकदा कलती करून बूच भिजवलं की पुरे. रिकाम्या बाटल्यांची चांगली बुचं धुऊन, वाळवून डब्यात ठेव. एखादं बूच मानेतच तुटलं तर व्हिस्की स्वच्छ फडक्यातून गाळून घ्यायची आणि डब्यातलं बूच लावायचं.

आता संग्रहाचं. माझं मत ठाम आहे: सहा बाटल्या पुरेत, आणि सहाही उघडलेल्या हव्यात. सील न तोडलेल्या चोवीस बाटल्या ही दुकानाची मांडणी झाली. त्यातली कोणती तुला का आवडते हे तुला सांगता येत नसेल, तर तुझ्याकडे काचा आहेत, व्हिस्की नाही. हिशेब करून बघ. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ३० मिलिलिटरचे पंचवीस छोटे पेग निघतात, म्हणजे सहा बाटल्यांत दीडशे. आठवड्यातून दोनदा, दर वेळी दोन छोटे पेग घेतलेस, तर तेवढ्यात नऊ-एक महिने निघतात. याहून जास्त वेळा तू घ्यावंस असं मला वाटत नाही, आणि ते मोकळेपणानं सांगायचा हक्क मी घेतो.

आपल्या हवेत तर हे जास्तच लागू पडतं. उघडलेली बाटली अर्ध्यावर आली की आत हवा भरते आणि वास हळूहळू बोथट होतो. थंड देशात जे वर्षभर निभतं ते इथल्या मे महिन्यात निभेलच असं नाही. एक तृतीयांश उरली की चार मित्र बोलावून ती संपवायची, नाहीतर छोट्या काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून ठेवायची. आणि एका जातीची बाटली संपल्याशिवाय त्याच जातीची दुसरी फोडायची नाही.

बर्बनकडे वळण्याआधी एक गोष्ट ध्यानात घे. काजूच्या फेणीची सगळी चव बोंडातून येते. भाटीतून उतरली की ती तयार. बर्बनची बरीचशी चव लाकडातून येते. अमेरिकेच्या कायद्यानं बर्बनच्या धान्यात किमान ५१ टक्के मका लागतो, आणि ते मुरवायचं ते आतून जाळून काळ्या केलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात. पिंपात भरताना तीव्रता, म्हणजे अल्कोहोलचं प्रमाण, ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही, बाटलीत ती ४० च्या खाली उतरत नाही. रंग किंवा गोडवा बाहेरून घालायची मुभा नाही. मळीच्या स्पिरिटवर रंग चढवून व्हिस्की म्हणून विकलेलं बरंच काही आपल्याकडे मिळतं, त्याच्या शेजारी हे ठेवून बघ म्हणजे फरक कळेल. जळलेल्या थराखाली लाकडातली साखर खरपूस होते, तिथून तो गुळासारखा वास येतो. व्हॅनिलाही लाकडातलाच. आणि अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये असं एक द्रव्य आहे ज्याला थेट खोबऱ्याचा वास येतो. गोव्यात वाढलेल्या नाकाला तो पहिल्याच खेपेला सापडतो. दोदोल या आपल्या मिठाईचा तुकडा तोंडात असताना बर्बनचा घोट घे, मग मी काय म्हणतो ते कळेल: माडाचा गूळ, नारळाचं दूध आणि ओक एकमेकांना ओळख देतात. बिबिंक, आपला थरांचा गोड केक, तीही चालते. सोलकढी मात्र नको, तिचा आंबटपणा सगळं मारून टाकतो.

तुझा खरा प्रश्न होता की सोपी बर्बन कोणती. दुकानदाराला ‘स्मूथ द्या’ म्हणालास तर जी खपत नाही ती तो हातात ठेवेल. सोपेपणा कुठून येतो ते पाहून बाटली निवड. मक्याच्या जोडीला दुसरं धान्य कोणतं आहे, यावर सगळ्यात जास्त अवलंबून असतं. बहुतेक बर्बनमध्ये ते राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) असतं, आणि राय मिऱ्यासारखी झणझणते. काहींमध्ये रायऐवजी गहू घालतात, त्या मऊ लागतात. मेकर्स मार्क ही त्यातली सहज सापडणारी. तिच्या मिश्रणात ७० टक्के मका, १६ टक्के गहू आणि उरलेलं बार्लीचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, आहे. सांगतात की बिल सॅम्युअल्स या मालकाला वेगवेगळी मिश्रणं गाळून वर्षानुवर्षं मुरवत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्यानं त्या धान्यांचे पाव भाजून चाखले आणि गव्हाचा निवडला. मानेवरचं ते लाल मेण त्याच्या बायकोची, मार्जीची कल्पना. १९५८ पासून ते तसंच ओघळत आलं आहे.

म्हणून पहिली बाटली मेकर्स मार्क घे. ती ४५ टक्क्यांची आहे, ४० ची नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण आकडा कमी तितकी बाटली सोपी अशी समजूत सगळीकडे आहे. जिम बीमची पांढऱ्या लेबलची बाटली ४० ची असूनही मेकर्सपेक्षा कोवळी आणि थोडी टोचरी लागते. बफेलो ट्रेस मिळाली तर तीही घे. तिच्यात राय आहे पण बेतानं, आणि तीही ४५ चीच. या दोन्ही जिभेच्या सवयीच्या झाल्या की मग बुलेट ही बर्बन. तिच्यात २८ टक्के राय आहे, तीव्रता मेकर्सएवढीच.

मेकर्स आणि बुलेट या दोन बाटल्या घेऊन एका संध्याकाळी बसायचं. दोन सारखे ग्लास, तोंड थोडं आत वळलेले. प्रत्येकात वीसेक मिलिलिटर, बर्फ नाही. तोंड किंचित उघडं ठेवून वास घे, नाक आत खुपसू नकोस, अल्कोहोल नाकपुड्या बधिर करतं. पहिला घोट फक्त जीभ तयार करायला, त्याच्यावरून काही ठरवायचं नाही. दुसरा जिभेवर सावकाश फिरव. मेकर्सची ऊब जिभेच्या मध्यावर पसरते आणि गोड राहते. बुलेट जिभेच्या कडांवर चढते आणि गिळल्यावर घशात मिऱ्याची रेघ ठेवते. मग दोन्हींत चमच्यानं थोडंसं पाणी घाल आणि पुन्हा चाख. विहिरीचं नको, गाळलेलं, ज्याला स्वतःची चव नाही असं. ही एक संध्याकाळ तुला दहा लेबलांहून जास्त शिकवेल. त्यानंतर बर्फ, सोडा जे हवं ते घाल, इथल्या उकाड्यात त्यात काही कमीपणा नाही.

लेबलवर ‘बॉटल्ड इन बाँड’ दिसलं तर समज की १८९७ च्या कायद्याप्रमाणे ती एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, किमान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची आहे. उत्तम असते, पण ती तुझी चौथी-पाचवी बाटली. ‘स्ट्रेट’ म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेली. आणि पॅपी व्हॅन विंकलसारख्या दुर्मिळ, महागड्या बर्बनच्या नावांमागे लागू नकोस, तिथे पैसा बाटलीला नाही, चढाओढीला जातो.

संग्रहातली एक जागा आपल्या गावच्या मालाला ठेव, हे मी आग्रहानं सांगतो. बर्बनसाठी पिंप कायद्यानं एकदाच वापरता येतं, मग ती पिंपं जगभर जातात. त्यातली काही तुझ्या घरापासून काणकोणच्या रस्त्यावर, कुंकळ्ळीला येतात. तिथे पॉल जॉनची सिंगल माल्ट, म्हणजे एकाच डिस्टिलरीची नुसत्या बार्लीच्या माल्टची व्हिस्की, त्यांच्यात मुरते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की उडून जाते, इथल्या उष्म्यात ती आठ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून ती लवकर पिकते आणि बारा-अठरा वर्षं ठेवायची सोय राहत नाही. वय कमी म्हणून नाक मुरडणाऱ्यांना हे माहीत नसतं. त्यांची ब्रिलियन्स घे, तिला काही माल्टना असतो तसा धुराचा वास नाही. मेकर्सनंतर लगेच चाखलीस तर बार्लीच्या खालून तोच व्हॅनिला डोकावतो, कारण लाकूड तेच.

पैशाचं थोडक्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारनं बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० वर आणलं, तरी आयात बाटली महागच पडते. परदेशातून कुणी येत असेल तर प्रौढ माणसाला दोन लिटर आणता येतात, त्यात तुझी बाटली बसते का विचार. पण गोव्यात घेतलेली बाटली परवान्याशिवाय गाडीत टाकून सावंतवाडी-कोल्हापूरकडे न्यायची नाही, कितीही मित्रांनी गळ घातली तरी. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या उघडून बघतात आणि महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. तसंच चाखायला आलेला मित्र स्कूटर घेऊन परत जाणार नाही हे बघणं तुझं काम. तो राहील किंवा टॅक्सीनं जाईल, हे बाटली उघडायच्या आधी ठरवायचं.

आता एवढं कर: मेकर्स मार्क तू घे, बुलेट घेऊ नकोस. माझ्याकडे अर्ध्याच्या वर भरलेली उघडी आहे, ती शनिवारी घेऊन येतो. ग्लास दोन सारखे लागतील, ते मात्र तुला बघावे लागतील.

तुझा
मामा