मेटाबेसचे तक्ते कुठे गेले होते?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत वसुलीचे तक्ते पाहण्यासाठी मी उबुंटूच्या एका संगणकावर मेटाबेस (डेटाबेसमधील माहितीचे तक्ते दाखवणारे सॉफ्टवेअर) बसवला आहे. टर्मिनलमध्ये नोहप (टर्मिनल बंद झाले तरी काम चालू ठेवणारी आज्ञा) वापरून जावाची आज्ञा दिली की तो चालू होतो. मात्र वीज जाऊन आली की मी येईपर्यंत बंदच राहतो. मी रजेवर असताना एका सहकाऱ्याने तो चालू केला, तेव्हा नव्याने खाते उघडण्याचा पडदा आला आणि आमचे सगळे तक्ते दिसेनासे झाले. मी परत येऊन चालू केल्यावर ते पुन्हा दिसू लागले. असे का झाले आणि कायमचा उपाय काय?

उत्तर : आपले तक्ते सुरक्षितच होते. मेटाबेसला वेगळे काही सांगितले नसेल, तर तो वापरकर्ते, जतन केलेले प्रश्न (म्हणजे आपले तक्ते) आणि डॅशबोर्ड यांची माहिती एच-टू या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये ठेवतो आणि ही फाइल ज्या फोल्डरमधून जावा चालू केले त्याच फोल्डरमध्ये शोधतो. सहकाऱ्याने बहुधा स्वतःच्या फोल्डरमधून आज्ञा दिली. तेथे फाइल नसल्यामुळे मेटाबेसने नवी, रिकामी फाइल तयार केली. म्हणजे कोणत्या फोल्डरमधून, कोणत्या वापरकर्त्याच्या नावे आणि कोणत्या जावाने तो चालवायचा, हे आजवर केवळ आपल्या लक्षात होते. ते आता सिस्टिमडीच्या (उबुंटूमध्ये पार्श्वभूमीतील सेवा चालू-बंद करणारा भाग) सर्व्हिस फाइलमध्ये लिहून ठेवावे.

मेटाबेससाठी एक स्वतंत्र, मर्यादित अधिकारांचा वापरकर्ता तयार करावा; रूट, म्हणजे सर्व अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून तो चालवू नये. मेटाबेसची जार (जावाने चालवायची फाइल) आणि डेटाबेस फाइल एका ठरावीक फोल्डरमध्ये हलवून त्या वापरकर्त्याच्या मालकीची करावी, आणि हलवण्यापूर्वी मेटाबेस बंद करून फाइलची प्रत काढून ठेवावी. सर्व्हिस फाइलमध्ये 'युजर' या ओळीत त्याचे नाव आणि 'वर्किंग डिरेक्टरी' या ओळीत त्या फोल्डरचा पत्ता द्यावा. आपली अडचण या दुसऱ्या ओळीनेच सुटते. 'एक्झेक स्टार्ट'मध्ये जावाचा संपूर्ण पत्ता लिहावा, कारण टर्मिनल उघडताना आपोआप वाचल्या जाणाऱ्या बॅश-आरसीसारख्या फाइली सिस्टिमडी वाचत नाही. तेथे ठेवलेला जावाचा मार्ग सर्व्हिसला माहीत नसतो. त्याच ओळीत एक्स-एम-एक्स या पर्यायाने हीपची (जावा वापरते त्या मेमरीची) कमाल मर्यादाही ठरवून द्यावी, अन्यथा सामान्यतः जावा यंत्राच्या एकूण मेमरीच्या सुमारे चौथ्या भागापर्यंतच जाते.

बंद करण्याकडे लोक फारसे लक्ष देत नाहीत, आणि माझ्या मते चूक तेथेच होते. सर्व्हिस थांबवली की सिस्टिमडी आधी टर्म (काम आवरून बंद हो) हा सिग्नल पाठवतो, मूळ ठेवणीनुसार 90 सेकंद वाट पाहतो आणि तरीही प्रक्रिया संपली नाही तर ती सक्तीने मारतो. जावा टर्म मिळाल्यावर आपली आवराआवर करून 143 हा निर्गम-अंक (प्रक्रिया संपताना कळवला जाणारा अंक) देते, जो 128 आणि टर्मचा क्रमांक 15 यांची बेरीज आहे. सिस्टिमडी शून्याखेरीज असा अंक अपयश मानतो, त्यामुळे सर्व्हिस व्यवस्थित बंद होऊनही 'फेल्ड' दिसते. 'सक्सेस एक्झिट स्टेटस' या ओळीत 143 लिहिले की हा घोळ राहत नाही. प्रक्रिया तत्काळ मारणाऱ्या 'किल माइनस नाइन'ची सवय मात्र सोडावी, कारण लिहिणे चालू असताना प्रक्रिया मारली तर एच-टूची फाइल बिघडू शकते. याच कारणासाठी शक्य तितक्या लवकर पोस्टग्रेस्क्यूएल या मोठ्या डेटाबेसवर जावे. जुनी माहिती तिकडे नेण्याची आज्ञा मेटाबेसमध्येच आहे.

सर्व्हिस फाइलमधील 'रीस्टार्ट'ला 'ऑन फेल्युअर' (अपयश आल्यास पुन्हा चालू) आणि दोन प्रयत्नांमधील अंतराला 10 सेकंद द्यावेत. हे अंतर मुळात 100 मिलिसेकंदच असते, आणि जावाचा पत्ता चुकला असेल तर 10 सेकंदांत 5 प्रयत्न होऊन सिस्टिमडी पुढे प्रयत्नच करत नाही.

फाइल बदलल्यावर सिस्टिमडीला सूचना देणाऱ्या सिस्टिमसीटीएलची 'डीमन रीलोड' ही आज्ञा द्यावी. 'स्टार्ट'ने सर्व्हिस फक्त त्या वेळेपुरती चालू होते. यंत्र सुरू होताना ती आपोआप चालू व्हावी यासाठी फाइलच्या शेवटी 'वाँटेड बाय'मध्ये मल्टी-युजर टार्गेट (यंत्र नेहमीच्या कामाला तयार होण्याचा टप्पा) लिहून 'इनेबल' करावे लागते. मेटाबेसने कोणते संदेश लिहिले ते सिस्टिमडीच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलमध्ये सर्व्हिसच्या नावाने पाहता येते.

वीज आल्यावर संगणक स्वतःहून सुरू होतो का, हे मात्र बायोसवर (यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारे मूळ सॉफ्टवेअर) अवलंबून असते. तेथील वीजपुरवठा परतल्यानंतरची सेटिंग तपासावी. मग कामकाज संपल्यावर यंत्र रीबूट करून, त्यावर लॉग-इन न करता, शेजारच्या संगणकावरून तक्ते उघडून पाहावेत.