‘घरीच तर असायची’ या आईबद्दल काय बोलू?

कोल्हापुरातल्या शाहूपुरीतून एका ताईंचं पत्र आलंय. आई जाऊन १८ दिवस झाले. महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे महिना झाल्यावर त्यांच्यासाठी होणाऱ्या चर्चमधल्या उपासनेला, फादरांनी त्यांना बोलायला ५ मिनिटं दिलीत, पण चार ओळींपुढं पेन सरकत नाही. “आईनं नोकरी केली नाही, कधी सत्कार नाही. घर, चर्च आणि सीपीआर या सरकारी दवाखान्यातल्या पेशंटांसाठी डबा, एवढंच. नातेवाईक म्हणतात, घरीच तर असायची, त्यात काय सांगायचं?”

ताई, तुम्ही बायोडाटा लिहायला बसलात म्हणून अडलात. त्यात आईंच्या कामाला रकानाच नसतो. जन्मापासून सुरुवात न करता त्यांचा एक आठवडा लिहा, वारानुसार. सोमवारी आणि शनिवारी रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, येशूच्या आयुष्यातल्या प्रसंगांची आनंदाची रहस्यं, मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची. त्या वेळी घरात कोण कुठं बसायचं, आई कुणाकुणाचं नाव घेऊन प्रार्थना करायच्या? डब्याच्या दिवशी किती वाजता उठायच्या, घरच्यापेक्षा किती भाकऱ्या जास्त थापायच्या, दवाखान्यात चालत जायच्या की केएमटीच्या बसनं? आकडा आठवत नसेल तर पीठ देणाऱ्या गिरणीवाल्याला विचारा. ‘मायाळू होत्या’ हे लोक दारातच विसरतात, भाकऱ्यांचा आकडा घरी घेऊन जातात.

तिघांना भेटा: सोबत काम करणारी बाई, नेहमीचा दुकानदार आणि ख्रिस्ती नसलेली एक शेजारीण. “आई कशा होत्या?” विचारलंत तर “लई चांगल्या” एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी “शेवटचं तुमच्याकडं कशाला आल्या होत्या?” आणि “कशावरून चिडायच्या?” असं विचारा. त्यांचं प्रार्थनेचं पुस्तकही आजच उघडा. तेलकट झालेली पानं, आत खोचलेली संतांची चित्रं, त्यांच्या पाठीमागं लिहिलेली नावं, सगळं बघा. तारखांत घोळ असेल तर बाप्तिस्मा जिथं झाला त्या चर्चच्या नोंदवहीत मिळतील. लग्नाची नोंदही तिथंच केलेली असते.

मिळालेली ५ मिनिटं सगळी वापरू नका. चर्चमध्ये आवाज घुमतो, सावकाश बोलावं लागतं, मिनिटाला १०० शब्दांच्या आसपास. ३०० ते ३५० शब्द पुरेत. मोठ्या अक्षरात छापा आणि दुसरी प्रत पुढच्या बाकावरच्या भावाकडं किंवा मामांकडं द्या. गळा दाटला तर त्याच ओळीपासून त्यांनी पुढं वाचावं. कागद दोन दिवस आधी फादरांना दाखवा. प्रवचन त्यांचं असतं आणि चर्चच्या नियमानं ते गुणगानाचं भाषण होऊ शकत नाही. तुमचं बोलणं सहसा कम्युनियननंतरच्या (पवित्र भाकर घेतल्यानंतरच्या) प्रार्थनेनंतर येतं.

बहुतेकांचं बिघडतं ते आजारपणात. शेवटचे दोन महिनेच अर्धा वेळ खातात आणि आधीचं आयुष्य राहून जातं. आजारपणाला एकच वाक्य द्या. दुसरी चूक प्रेमापोटी होते: “आई थेट स्वर्गात गेली” म्हणणं. मिस्सा त्यांच्या आत्म्यासाठीच अर्पण होतेय, म्हणजे आलेल्यांवर प्रार्थनेचं काम सोपवलेलं आहे. काम संपलं असं सांगून ते त्यांच्या हातून काढून घेऊ नका. “आईसाठी प्रार्थना करा” म्हणा. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशीही तेच मागायचं आहे.

ज्यांना डबा मिळाला त्यांची नावं किंवा आजार बोलू नका, कितीही हृदयस्पर्शी वाटलं तरी. आणि गल्लीतली मंडळी येणारच, त्यांना आधीच सांगून ठेवा: कम्युनियन कॅथलिकांसाठी असतं, तेव्हा जागेवर बसून राहिलं तरी चालतं. नाहीतर बिचारी रांगेत उभी राहतात आणि अवघडतात.

नातेवाइकांना उत्तर म्हणून एकही वाक्य लिहू नका. त्याऐवजी हे ठरवा की डबा आता कोण नेणार. कुणी तयार झालं तर तुमचं शेवटचं वाक्य तेच: कोणत्या वारी, किती वाजता, मिस्सेनंतर कुणाला भेटायचं.